कुकरीला पाणी कोण देतो?

सातवीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "कुकरी म्हणजे काय?" उत्तरे भराभर आली. "गुरख्याच्या कमरेला असते ती." "वाकडी सुरी." "ती लढाईत वापरतात." मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "ती एकदा म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत ठेवायची नसते!" वर्ग शांत झाला. ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली होती. लहानपणी आम्हीही ऐकली होती.

"ती घडवतो कोण?" या पुढच्या प्रश्नावर मात्र कोणीच बोलले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही नीट सांगता आले नसते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिला आहे.

आधी अवजार, मग हत्यार

नेपाळी भाषेत तिला 'खुकुरी' म्हणतात. नेपाळच्या डोंगराळ भागात ती घराघरात असते. सरपण फोडणे, बांबू तासणे, झुडपे छाटून वाट काढणे, मांस तोडणे, भाजी चिरणे, वेळप्रसंगी जमीन उकरणे, ही सारी कामे तीच करते. आपल्याकडे कोयता, विळा, कुऱ्हाड आणि सुरी ही चार अवजारे मिळून जे करतात, ते तिकडे बरेचसे एकटी खुकुरी करते. चढउताराच्या वाटेवर कमरेला एकच अवजार बांधून निघायचे असेल तर ते असेच असायला हवे.

आता रक्ताच्या त्या गोष्टीकडे पाहू. दिवसातून दहा वेळा सरपणासाठी आणि भाजीसाठी म्यानातून बाहेर येणाऱ्या अवजाराला असा नियम लावला तर घर चालेल कसे? पलटणीतला सैनिकही आपली कुकरी नियमाने काढतो, पुसतो, तेल लावतो आणि परत ठेवतो. म्हणजे ही गोष्ट तपासणीच्या पहिल्या पायरीवरच गळून पडते.

मग ती आली कुठून? १८१४ ते १८१६ या काळात नेपाळचे राज्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात युद्ध झाले. डेहराडूनजवळच्या नालापाणीच्या लढाईत कंपनीच्या सैन्याने ही वाकडी पाती अगदी जवळून पाहिली. १८१५ पासून कंपनीने गोरखा सैनिकांची भरती सुरू केली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे जगभरच्या लढायांतून कुकरीच्या कथा पसरत गेल्या, आणि सांगणाऱ्याने प्रत्येक वेळी थोडे मीठमसाला लावले. १९४७ मध्ये दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या आणि चार ब्रिटनकडे गेल्या. आजही या पलटणींच्या बिल्ल्यांवर कुकऱ्या दिसतात.

आपल्या शहरांत तर याहून गमतीची गोष्ट घडली. गोरखा हे नेपाळमधल्या एका गावाचे व जिल्ह्याचे नाव. मराठीत मात्र 'गुरखा' म्हणजे रात्री शिट्टी वाजवत फिरणारा रखवालदार, असा अर्थ होऊन बसला. एका प्रदेशाचे नाव एका नोकरीला चिकटले, आणि घरगुती अवजाराची ओळख फक्त हत्यार एवढीच उरली.

वाकडेपणात काय आहे?

कुकरीची लांबी मुठीसकट साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर असते, वजन अर्धा ते पाऊण किलोच्या आसपास. पाते मुठीपाशी अरुंद असते. पुढे ते धारेच्या बाजूला वाकते, रुंद होते आणि मग टोकाकडे निमुळते होते. पाठ चांगली जाड, धार पातळ. म्हणजे पात्याला आडवे कापून पाहिले तर पाचर दिसेल.

या आकाराचा उपयोग समजण्यासाठी लाकडाची फूटपट्टी आणि ओल्या मातीचा एक गोळा घ्या. गोळा आधी पकडीच्या जवळ चिकटवून पट्टी वरून खाली हलवून पाहा. मग तोच गोळा दुसऱ्या टोकाकडे चिकटवून पाहा. दुसऱ्या वेळी पट्टी उचलायला जड वाटते, पण खाली येताना तिच्यात जोर असतो. मनगटापासून दूर असलेला भाग अधिक वेगाने फिरतो, आणि हलणाऱ्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कुऱ्हाडीचे सगळे वजन दांड्याच्या टोकाला असते ते यासाठीच. कुकरीचे पाते जिथे रुंद आणि जड असते, तिथेच तिचा घाव बसतो. पाते पुढे झुकलेले असल्यामुळे मनगट फार न वाकवता धार लाकडाला भिडते.

मुठीजवळचा अरुंद भाग मात्र सुरीसारखा वापरता येतो. तिथे हात जवळ असतो, वेग कमी आणि ताबा जास्त. टोक टोचायला आणि उकरायला. एकाच पात्यावर अशी तीन अवजारे बसवलेली आहेत.

कुकरीच्या आकाराचे मूळ शोधताना काही जण थेट ग्रीसपर्यंत पोहोचतात. प्राचीन ग्रीकांची 'कोपिस' ही तलवार अशीच पुढे वाकलेली होती, आणि अलेक्झांडरचे सैन्य इसवी सनपूर्व ३२६ मध्ये पंजाबात आले होते. पण दोन वस्तू सारख्या दिसतात एवढ्यावरून एक दुसरीची नक्कल ठरत नाही. कोकणातला कोयताही पुढे वाकलेला असतो. त्यासाठी कोणी अलेक्झांडरला कोकणात आणत नाही! काम सारखे असले की निरनिराळ्या ठिकाणचे कारागीर सारख्याच आकारापाशी पोहोचू शकतात, ही शक्यता मुलांसमोर जरूर ठेवावी.

मुठीजवळ धारेच्या बाजूला एक लहानशी खाच असते. तिच्याविषयी तर स्पष्टीकरणांची रांगच आहे. कोणी म्हणते ते शिवाचे त्रिशूळ, कोणी म्हणते गाईचे खूर, कोणी म्हणते मुठीकडे येणारे रक्त किंवा झाडाचा चीक तिथून गळून पडावा म्हणून. यातले कोणते खरे हे सिद्ध झालेले नाही. वस्तू आधी रूढ होते आणि कारणे मागाहून चिकटतात, असेही पुष्कळदा घडते. "हे कसे तपासता येईल?" असा प्रश्न विचारायला ही खाच फार चांगली आहे.

म्यानात मुख्य पात्याबरोबर दोन छोटी पाती असतात. एक 'कर्द', म्हणजे बारीक कामाची सुरी. दुसरी 'चकमक'. तिला धार नसते. तिने कुकरीची धार घासून ठीक करायची, आणि गारगोटीवर आपटून ठिणगी पाडायची. ठिणगी म्हणजे पोलादाचा सुटलेला बारीकसा कण, जो हवेत पेटतो.

जुन्या कुकऱ्या काय सांगतात?

काठमांडूच्या छाउनी भागातील राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या कुकऱ्या मांडलेल्या आहेत. १५५९ मध्ये गोरखाचा राजा झालेल्या द्रव्य शाहची म्हणून सांगितली जाणारी कुकरीही त्यांत आहे. १७९३ मध्ये नेपाळला गेलेल्या कर्कपॅट्रिक या इंग्रज अधिकाऱ्याचे पुस्तक १८११ मध्ये छापले गेले. त्यात कुकरीचे चित्र आहे. आणि २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे जुन्या शस्त्रागारातला, प्रचंड साठा बाहेर आला. त्यात बंदुकांबरोबर एकोणिसाव्या शतकातल्या असंख्य कुकऱ्या होत्या. त्यामुळे अभ्यासकांना एका वेळी पुष्कळ नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहता आले.

त्यांत लांब, सडपातळ पाती आहेत आणि रुंद, जडही आहेत. सडपातळ पात्याला 'सिरुपाते' म्हणतात, सिरू नावाच्या गवताच्या पात्यावरून. रुंद पोटाची ती 'भोजपुरे', पूर्व नेपाळमधल्या भोजपूर जिल्ह्यावरून. काही पात्यांच्या दोन्ही अंगांना लांब पन्हळी घातलेल्या असतात. त्यांमुळे वजन कमी होते, पण पाठीची जाडी आणि ताकद राहते.

काही जुनी पाती साफ करून त्यांवर सौम्य आम्ल फिरवले की लाकडाच्या रेषांसारखे थर दिसू लागतात. त्याचे कारण लोखंड बनवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. रामेछाप जिल्ह्यातील ठोसे येथे लोखंडाच्या खाणी होत्या. अशा ठिकाणी छोट्या भट्ट्यांत कोळशाबरोबर खनिज भाजले जाई. भट्टीतून निघणारा गोळा एकजिनसी नसे. कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मध्येच मळी. तो तापवून, ठोकून, दुमडून, पुन्हा ठोकून सारखा करावा लागे. त्या दुमडण्याच्या खुणा म्हणजे हे थर. आजचा कारागीर बहुधा ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतो. त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, आणि ते पोलाद कुकरीला चांगले मानवते.

जुन्या लष्करी कुकऱ्यांपैकी अनेकींच्या पाठीवर देवनागरीत पलटणीची खूण आणि क्रमांक कोरलेला आहे. आपली मुलेही ती अक्षरे वाचू शकतील. घडवणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच सापडते.

पाणी देण्याची विद्या

कुकरी घडवणाऱ्या लोहाराला नेपाळमध्ये 'कामी' म्हणतात. त्याच्या कामाच्या जागेचे नाव 'आरन'. ऐकताच आपली ऐरण आठवते. कामी पाते तापवून, ठोकून, घासून आकाराला आणतो. तोपर्यंत ते दिसायला कुकरी असते, पण धार टिकत नाही. शेवटची पायरी पाणी देण्याची. नेपाळीत या पाण्याला 'पाइन' म्हणतात.

पाते पुन्हा लाल होईपर्यंत तापवले जाते. मग कामी ते पाण्यात बुडवत नाही. तो किटलीच्या चोचीतून पाण्याची बारीक धार सोडतो, आणि ती फक्त पात्याच्या धारेवर, पुढून मागे फिरवत. पाठीवर पाणी पडू देत नाही. थोडे ओततो, थांबतो, रंग पाहतो, पुन्हा थोडे ओततो. सारे काही क्षणांत संपते.

या क्षणांत काय घडते? पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते, आणि या नव्या मांडणीत कार्बनचे अणू सहज सामावतात. पोलाद सावकाश निवले तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो. असे पोलाद मऊ आणि चिवट होते. एकदम गार केले तर कार्बन जागच्या जागी अडकतो, आणि मांडणी ताणलेली राहते. असे पोलाद अतिशय कठीण पण ठिसूळ होते. शास्त्रज्ञ त्याला मार्टेन्साइट म्हणतात.

धारेला कठीणपणा हवा, नाहीतर ती बोथट होईल. पाठीला चिवटपणा हवा, नाहीतर पहिल्याच घावाला पाते तुटेल. एकाच तुकड्यात दोन्ही गुण आणायचे तर धार झटकन आणि पाठ सावकाश निवली पाहिजे. किटलीची धार नेमके हेच करते. एवढ्यावर काम संपत नाही. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि तिथला जादा ठिसूळपणा थोडा कमी करते. पाणी जास्त पडले तर धारेला तडा जातो, कमी पडले तर धार मऊ राहते. कामीकडे तापमापक नसतो. त्याच्याकडे लाल रंगाच्या छटा ओळखणारा डोळा असतो.

वर्गात करून पाहा

यासाठी शिवणाच्या तीन मोठ्या सुया, एक टाचणी, स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची शेगडी, पक्कड, काचकागद आणि वाटीभर पाणी लागेल. तापवण्याचे काम शिक्षकांनीच करावे, आणि सुई मोडताना ती जाड फडक्यात धरावी.

१. पहिली सुई लालभडक तापवा आणि ज्योतीतून अगदी हळूहळू बाहेर काढा. गार झाल्यावर वाकवून पाहा. ती तारेसारखी वाकेल.

२. दुसरी सुई लाल करून लगेच पाण्यात टाका. पाण्याची वाटी ज्योतीला अगदी लागून ठेवा, कारण बारीक सुई हवेतच निवते. आता ती वाकवा. कट्‌कन मोडेल.

३. तिसरी सुई दुसरीप्रमाणेच पाण्यात टाका. मग काचकागदाने घासून चकचकीत करा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून हलकेच तापवा. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळी छटा येईल. निळी होताच बाजूला घ्या. ही सुई थोडी वाकते आणि सोडली की सरळ होते.

४. टाचणीही लाल करून पाण्यात टाका. ती मोडत नाही, नुसती वाकते. का? तिच्यात कार्बन फारच थोडा असतो. अडकायला कार्बनच नाही, तर कठीणपणा येणार कुठून?

पहिली सुई म्हणजे कुकरीची पाठ. दुसरी आणि तिसरी यांच्या मध्ये कुठेतरी तिची धार. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या खेपेला तीनपैकी दोन सुया फसल्या. एक पुरेशी तापली नव्हती, दुसरी पाण्यात पडण्याआधीच निवली. एका सुईचे हे हाल, तर हातभर पात्याच्या फक्त धारेला पाणी देणाऱ्याचे कसब केवढे असेल, हे मुलांना न सांगता कळले.

त्याच्या हातचे पाणी

आता कुकरीच्या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग. पाते घडवतो कामी. म्यानाचे कातडे शिवतो सार्की. मानाच्या कुकरीच्या म्यानावर चांदीचे नक्षीकाम असते, तिला 'कोथिमोरा' म्हणतात. ते काम सुनाराचे. या तिन्ही जाती नेपाळच्या जातिव्यवस्थेत अस्पृश्य ठरवल्या गेल्या होत्या. १८५४ मध्ये जंगबहादूर राणाच्या काळात 'मुलुकी ऐन' हा कायदा झाला. त्याने साऱ्या जातींची उतरंड लिहून काढली. त्यात तळाशी होत्या 'पाणी न चालणाऱ्या' अस्पृश्य जाती, म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी वरच्यांनी घ्यायचे नाही, आणि ज्यांचा स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हायचे.

दसैं हा नेपाळचा सर्वांत मोठा सण. त्यातल्या नवमीला हत्यारे आणि अवजारे पुजतात, जशी आपण खंडेनवमीला पुजतो. त्या दिवशी कुकरीला फुले आणि अक्षता वाहिल्या जातात. राजेशाहीच्या काळात देशाच्या राजचिन्हातही दोन कुकऱ्या होत्या. ज्याने पोलादाला पाणी दिले, तो मात्र उंबऱ्याबाहेर उभा.

कामीला मोबदला कसा मिळे? वर्षभर गावाची अवजारे करायची, शेवटायची, आणि सुगीला प्रत्येक घरातून ठरावीक धान्य घ्यायचे. याला 'बाली' म्हणतात. आपल्या बलुत्याशी त्याचे साम्य लगेच लक्षात येईल. एक फरक मात्र नीट पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे लोहार बलुतेदार होता, पण अस्पृश्य मानला गेला नाही. नेपाळमधला कामी मानला गेला. भाता तोच, ऐरण तीच, हातोडाही तोच. म्हणजे अस्पृश्यतेचे कारण लोखंडात नव्हते, कामात नव्हते आणि माणसातही नव्हते. ते केवळ ठरवलेले होते. मुलांना हे समजावण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला सापडले नाही. आपण यात शहाणे ठरतो असेही नाही. चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी महाडला १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला होता.

नेपाळमध्ये १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने जातिभेदाला कायद्याचा आधार उरू दिला नाही. २०११ मध्ये अस्पृश्यता पाळणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा झाला, आणि २०१५ च्या राज्यघटनेत अस्पृश्यतेविरुद्धचा हक्क आला. २०११ च्या जनगणनेत कामी समाजाची संख्या साडेबारा लाखांवर होती. कायदा बदलला तरी मनातली उतरंड त्याच वेगाने मोडत नाही, हे आपण आपल्या अनुभवाने जाणतोच. नेपाळीत एक म्हण आहे, 'अचानोको पीर खुकुरीले जान्दैन'. अचानो म्हणजे मांस तोडायचा ठोकळा. त्याचे दुःख कुकरीला कळत नाही.

विद्या आणि वारस

आज पर्यटकांसाठी आणि परदेशी हौशी लोकांसाठी कारखान्यांतून कुकऱ्या बनतात. घासण्याचे काम विजेच्या यंत्रावर होते. खेड्यातल्या आरनात मात्र पुढची पिढी फारशी दिसत नाही. तरुण मुले आखाती देशांत, मलेशियात कामाला जातात. अशा वेळी "कला लोपत चालली" अशी हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. पण ज्या कामाबरोबर अपमान वारशाने येत होता, ते काम मुलाने का धरून ठेवावे? हळहळणाऱ्यांपैकी कोणी आपल्या मुलाला तिथे शिकायला पाठवले असते का?

विद्या टिकायची असेल तर ती जातीपासून सुटली पाहिजे. लाल रंगाच्या कोणत्या छटेला पाणी द्यायचे हे एखाद्या कुळाचे गुपित नसून ते धातुशास्त्र आहे, आणि त्याची जागा शाळेत आहे.

त्यासाठी नेपाळला जायची गरज नाही. हंगामाच्या तोंडावर गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबे पाल ठोकून बसतात. पुरुष सांडशीने लोखंड धरतो, बाई घण मारते. विळे, कुऱ्हाडी, पास यांना तेही पाणी देतात. वर्गाला घेऊन तिथे जा. त्यांचे काम खोळंबणार नाही अशी वेळ विचारून घ्या. तापलेल्या लोखंडाच्या कोणत्या रंगाला ते काय म्हणतात, पाणी कधी देतात, धार मऊ राहिली हे कसे ओळखतात, हे मुलांना त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊ द्या. ते शब्द तुमच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत.

आणि त्या पालापाशी खेळणारी मुले कोणत्या शाळेत जातात, हेही एकदा विचारा.